नाकाच्या मापापासून जनुकांपर्यंत

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे सोलापूर-धुळे महामार्गावरील गाव फटाक्यांच्या कारखान्यांमुळे दूरवर ओळखले जाते. मराठवाड्यातील कोणत्याही गावाप्रमाणे येथेही नवख्या माणसाला नाव विचारून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मूळचे कुठले?’ आडनाव, कूळ, देवक, कुलदैवत आणि सोयरिकीची गावे ही या प्रश्नाची परंपरागत उत्तरे. गेल्या सव्वाशे वर्षांत मात्र हाच प्रश्न विज्ञानालाही विचारला गेला. आधी नाकाची रुंदी मोजली गेली, मग कवटीची ठेवण तपासली गेली, पुढे रक्तगट आले आणि आता पेशीतील डीएनए. साधने बदलत गेली. प्रश्न बदलला नाही. मूळचा कोण आणि उपरा कोण, शुद्ध कोण आणि संकरित कोण, हेच समाजाला विज्ञानाकडून ऐकायचे होते. विज्ञानाने दिलेले उत्तर मात्र बहुतेक वेळा निराळ्याच प्रश्नाचे होते. या विसंगतीचा इतिहास महाराष्ट्रात विशेष स्पष्टपणे दिसतो. कारण या वादातील अनेक प्रमुख व्यक्ती आणि संस्था येथीलच आहेत.

‘मूळचे’ हा शब्द किती निसरडा आहे, हे पाहण्यास धाराशिव जिल्हाही पुरेसा आहे. याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदराकडे माल पाठविणारी मोठी पेठ म्हणून तगराचा उल्लेख येतो. तेथील उत्खननांत रोमन जगाशी असलेल्या व्यापारी संबंधांच्या खुणा सापडल्या आहेत. ज्या ठिकाणाहून दोन हजार वर्षांपूर्वी माल समुद्रापार जात होता, त्या ठिकाणची माणसे मात्र जागची हललीच नाहीत, असे मानणे कठीण आहे.

भाषेचे आर्य, रक्ताचे आर्य

१७८६ मध्ये कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा, असे प्रतिपादन केले. हा शोध भाषांविषयीचा होता. तथापि एकोणिसाव्या शतकात भाषाकुळाचे नाव लोकसमूहाला आणि लोकसमूहाचे नाव वंशाला चिकटले. ‘आर्य’ हा भाषाशास्त्रातील शब्द आहे, रक्ताशी किंवा कवटीशी त्याचा संबंध नाही, असे माक्स म्युलर यांनी १८८८ मध्ये बजावले. तोवर उशीर झाला होता.

महाराष्ट्रात या कल्पनेचा उपयोग दोन अगदी भिन्न हेतूंनी झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात ब्राह्मण हे बाहेरून आलेल्या आक्रमकांचे वंशज आणि शूद्रातिशूद्र हे या भूमीचे मूळ रहिवासी, बळीराजाचे वारस, अशी मांडणी केली. लोकमान्य टिळकांनी ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) या इंग्रजी ग्रंथात वेदकर्त्या आर्यांचे आदिवसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ शोधले. फुले यांना सामाजिक अन्यायाची मीमांसा करावयाची होती, तर टिळकांना वेदांचे प्राचीनत्व सिद्ध करावयाचे होते. दोघांचे निष्कर्ष परस्परविरोधी. परंतु आर्य नावाचा एक लोकसमूह बाहेरून आला, हे गृहीत दोघांनाही मान्य होते. त्या काळच्या पाश्चात्त्य विद्येने ते सर्वांच्याच हाती दिले होते.

नाकाचे माप आणि जातीची पायरी

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी वंशविचाराला आकड्यांचा आधार दिला. नाकाची रुंदी आणि उंची यांचे शेकड्यातील प्रमाण म्हणजे नासिका-निर्देशांक. नाक जितके रुंद तितकी जात सामाजिक उतरंडीत खालची, असा नियम रिस्ली यांनी मांडला. ‘द पीपल ऑफ इंडिया’ (१९०८) या ग्रंथात त्यांनी भारतीयांचे सात शारीरिक प्रकार केले आणि मराठी ब्राह्मण व कुणबी यांना ‘शक-द्रविड’ या एकाच प्रकारात बसविले. भारतातील सामाजिक दर्जा हा वांशिक भेदातून आला आहे, असा याचा अर्थ होता आणि सरकारी जनगणनेच्या आधारे तो मांडला गेल्यामुळे त्याला विज्ञानाचा मान मिळाला.

हा सिद्धान्त त्याच मापांच्या आधारे तपासण्याचे काम मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी केले. ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ (१९३२) या ग्रंथात त्यांनी दाखविले की, रिस्लींचा नियम उत्तरेकडील हिंदुस्थानात काहीसा लागू पडतो. महाराष्ट्रासह इतर प्रांतांत मात्र जातीची पायरी आणि नाकाचे माप यांचा असा सुसंगत मेळ बसत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या आकडेवारीचा उपयोग आणखी पुढे नेला. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म वंशात नसून जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात आहे, असे सांगितले होते. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चर्मकार, तसेच मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया हे एकाच वंशाचे आहेत, असा युक्तिवाद त्यांनी केला. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांची नासिका-मापे उद्धृत करून अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे हा सिद्धान्त खोडून काढला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपला समाज मूळचा आणि इतर उपरे, असे प्रमाणपत्र आंबेडकरांना विज्ञानाकडून नको होते. अन्यायाचे कारण रक्तात नाही, माणसांनी केलेल्या नियमांत आहे, एवढेच त्यांना मापांतून सिद्ध करावयाचे होते. नियम माणसांनी केले असतील तर ते माणसांना मोडताही येतात.

बर्लिनमधील कवट्या

याच सुमारास एका मराठी विदुषीची गाठ युरोपातील वंशशास्त्राशी पडली. इरावती कर्वे १९२७ मध्ये बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागल्या. युरोपीयांच्या कवटीत डाव्या-उजव्या बाजूंची असमानता अधिक असते आणि तिचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, अशी फिशर यांची अटकळ होती. निरनिराळ्या खंडांतील कवट्या मोजून इरावतीबाईंनी निष्कर्ष काढला, की असमानतेत असा वांशिक भेद आढळत नाही. आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा हा प्रबंध त्यांनी सादर केला आणि १९३० मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या. हेच फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणांचे समर्थक झाले.

१९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्यावर इरावतीबाईंनी महाराष्ट्रभर फिरून शेकडो माणसांची शरीरमापे घेतली. मापपट्टी त्यांनी टाकली नाही. तिच्याकडून काय विचारावे हे बदलले. कैलाश मल्होत्रा यांच्यासमवेत १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी महाराष्ट्रातील समान सामाजिक दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना केली. दर्जा एक असूनही या पोटजाती परस्परांहून भिन्न आढळल्या. ‘ब्राह्मण’ या एका नावाखाली एकच रक्त नांदत नाही, निरनिराळे समूह एका नावाखाली एकत्र आलेले असू शकतात, असा त्याचा अर्थ होता.

जनुके काय सांगतात

मानवी जनुकसंचाचा कच्चा आराखडा २००० मध्ये जाहीर झाला. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो, हे त्या वेळी वारंवार सांगितले गेले. त्याआधी १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखविले होते, की मानवजातीतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. ‘वंश’ म्हणून आपण ज्या रेषा आखतो, त्यांच्या पलीकडील फरक त्या मानाने अल्प असतो. तथापि हा अल्प फरकही वंशावळीचा माग काढण्यास पुरेसा ठरतो आणि येथूनच नव्या वादांना तोंड फुटले.

डीएनए वाचण्याचे मार्गही समजून घेतले पाहिजेत. मायटोकॉन्ड्रियातील डीएनए केवळ आईकडून येतो, तर वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. म्हणजे पहिल्यात आईच्या आईची, तर दुसऱ्यात बापाच्या बापाची एकच रेषा दिसते. दहा पिढ्यांमागे प्रत्येकाच्या वंशवृक्षात १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. त्यांपैकी एकाचाच माग अशा चाचणीतून लागतो. संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास अधिक व्यापक असतो. परंतु त्यातूनही मिळतात त्या मिश्रणाच्या टक्केवाऱ्या आणि काळाचे अंदाज. नागरिकत्वाचा हक्क त्यात कोठेही लिहिलेला नसतो.

२००१ मध्ये मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशातील नमुन्यांवरून उच्चवर्णीयांत युरोपीय लोकसमूहांशी जवळीक अधिक आढळते, असे मांडले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी परिषद भरली आणि जातिभेद हा वंशभेदासारखाच मानावा काय, यावर भारतात वाद पेटला. वैज्ञानिक निबंध त्या वादात आयताच ओढला गेला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतर अभ्यासांनी बाहेरून आलेल्या अंशाला बरेच कमी महत्त्व दिले, तेव्हा आनंद मानणारा पक्ष बदलला.

२००९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग व के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटाने २५ समूहांचा अभ्यास मांडला. अभ्यासलेले जवळजवळ सर्व भारतीय समूह ‘प्राचीन उत्तर भारतीय’ आणि ‘प्राचीन दक्षिण भारतीय’ अशा दोन जुन्या घटकांच्या मिश्रणातून झाले असून पहिल्या घटकाचा अंश ३९ ते ७१ टक्क्यांदरम्यान आहे, असे त्यात म्हटले होते. ही नावे कशी ठरली, हेही बोधप्रद आहे. पहिल्या घटकाला ‘पश्चिम युरेशियाई’ म्हणण्यास भारतीय सहकाऱ्यांचा आक्षेप होता आणि चर्चेअंती ही मधली नावे योजली गेली, असे राइश यांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. विज्ञान राष्ट्रीय अस्मितेला आकार देते तसे अस्मितेचे दडपण विज्ञानाच्या परिभाषेवरही येते, याचे हे उदाहरण होय.

२०१३ मध्ये याच परंपरेतील अभ्यासाने मिश्रणाचा काळ आजपासून सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरविला. त्या काळात समूह मुक्तपणे मिसळत होते. नंतर विवाहाची दारे बंद झाली. कल्याणीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये उच्चवर्णीयांतील हे बंधन गुप्तकाळाच्या सुमारास दृढ झाले असावे, असा अंदाज वर्तविला. जातिअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म, हा १९१६ मधील आंबेडकरांचा सिद्धान्त शंभर वर्षांनी जनुकांच्या अभ्यासाशी असा जुळला. शुद्धतेचा शोध घेणाऱ्यांच्या हाती मात्र मिश्रण आले.

एक सांगाडा, दोन कथा

५ सप्टेंबर २०१९ या दिवशी दोन निबंध एकदम प्रसिद्ध झाले. ‘सेल’मधील निबंध हरियाणातील राखीगढी येथील सिंधू संस्कृतीच्या दफनभूमीविषयी होता. उत्खननाचे नेतृत्व डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांचे होते. उष्ण हवामानामुळे प्राचीन डीएनए टिकत नाही. साठांहून अधिक नमुने तपासल्यावर एकाच स्त्रीच्या अवशेषांतून वाचता येईल इतका डीएनए मिळाला. त्यात मध्य आशियातील गवताळ प्रदेशाच्या, म्हणजे स्टेपच्या, पशुपालकांचा अंश आढळला नाही. ‘सायन्स’मधील दुसऱ्या निबंधात ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरून तो अंश दक्षिण आशियात इसवी सनपूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान आला, असे म्हटले होते. शिंदे हे दोन्ही निबंधांचे सहलेखक होते.

दोन्ही एकत्र वाचल्यास अर्थ सरळ लागतो : सिंधू संस्कृतीच्या भरभराटीच्या काळातील या स्त्रीत तो अंश नव्हता, नंतरच्या काळात तो येथे आला आणि आज अनेक भारतीयांत कमी-अधिक प्रमाणात आहे. परंतु सार्वजनिक चर्चेत दोन कथा झाल्या. आर्यांचे आगमन झालेच नाही हे सिद्ध झाले, असे एका बाजूने म्हटले. पत्रकार परिषदेत खुद्द शिंदे यांनीही त्याच आशयाचे विधान केले. आगमन सिद्ध झाले, म्हणजे वैदिक परंपरा परकी ठरली, असे दुसऱ्या बाजूने म्हटले. एका स्त्रीचा डीएनए संपूर्ण संस्कृतीचा प्रतिनिधी होऊ शकत नाही, आणि डीएनएवरून कोण कोणती भाषा बोलत होता किंवा कोणता देव पूजीत होता हे कळत नाही, या दोन मर्यादा दोन्ही कथांत गळाल्या. २०२४ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राखीगढीच्या डीएनएचा समावेश झाला, तेव्हा हा वाद विद्यार्थ्यांच्या दप्तरात पोहोचला.

शनवार तेल्यांची साक्ष

वंशाच्या पुराव्यावर माणसाचे रोजचे जगणे कसे अवलंबून राहते, याचा अनुभव बेने इस्रायल समाजाने घेतला आहे. रायगड जिल्ह्यातील गावांत तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा मराठीभाषक ज्यू समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. गावांच्या नावांवरून पडलेली पेणकर, रोहेकर अशी आडनावे त्याच्या कोकणी वास्तव्याची खूण आहेत. अलिबागजवळ नौगाव येथे फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, ही त्यांची परंपरागत कथा.

इस्रायलची स्थापना झाल्यावर यांतील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तेथे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्या विवाहांच्या वेळी पूर्वजांच्या ज्यूपणाची खास चौकशी करण्याचे आदेश धर्मपीठाने दिले. अन्य ज्यूंशी विवाह करण्याचा हक्कच त्यामुळे संशयात सापडला. समाजाने आंदोलन केले, संसदेने दखल घेतली आणि १९६४ मध्ये बेने इस्रायलांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. ही मान्यता डीएनएने दिली नाही. तशी चाचणी तेव्हा अस्तित्वातही नव्हती. २००२ च्या सुमारास वाय गुणसूत्राच्या अभ्यासाच्या बातम्या आल्या तेव्हा समाजात समाधान व्यक्त झाले. २०१६ च्या विस्तृत अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही अंश लक्षणीय असल्याचे आढळले. कथा आणि जनुके यांचा येथे मेळ बसला. तो बसला नसता तर शतकानुशतके पाळलेला शब्बाथ खोटा ठरला असता काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

जन्माचा शिक्का

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाची सर्वांत बोचरी बाजू पारधी समाजाच्या वाट्याला आली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाज जन्मतःच गुन्हेगार ठरविले. सुताराचा मुलगा सुतार, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, असा त्यामागचा तर्क होता. जातीच्या धंद्याविषयीचा हा समज पुढे ‘रक्तातच असते’ या बोलीत रूपांतरित झाला. सोलापुरातील ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव तारेच्या कुंपणाच्या त्या काळाची आठवण आजही वागविते. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने भटक्या-विमुक्तांच्या या अनुभवातूनच आली. परिसरात चोरी झाली की पहिला संशय पारधी वस्तीवर जातो, ही तक्रार मराठवाड्यात जुनी आहे.

चोरीचे जनुक अस्तित्वात नाही, हे जनुकशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते. तरीही त्याच शास्त्राची साधने जुन्या समजाच्या सेवेला लागू शकतात. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक केलेल्यांचे जैविक नमुने घेण्याची तरतूद केली. त्या कायद्यातील संज्ञा ‘मापे’ हीच आहे. डीएनए पेढ्यांविषयीचे २०१९ चे विधेयक केंद्र सरकारने २०२३ मध्ये मागे घेतले. परंतु त्यावरील संसदीय चर्चेत अशा साठ्याचा उपयोग विशिष्ट समाजांविरुद्ध होण्याची भीती नोंदली गेली होती. ज्या वस्तीतील माणसे केवळ संशयावरून वारंवार पकडली जातात, तिचे नमुने अधिक साठणार. अधिक साठले म्हणून ती वस्ती अधिक गुन्हेगार भासणार. रिस्लींच्या नासिका-निर्देशांकाहून हे चक्र फार निराळे नाही.

या ज्ञानाचा खरा उपयोग अन्यत्र आहे. २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ समूहांच्या अभ्यासात ८१ समूह असे आढळले, की ज्यांत थोड्या पूर्वजांपासून वाढ आणि आपसातील विवाह यांमुळे आनुवंशिक रोगांचा धोका वाढलेला असू शकतो. विवाहापूर्वी योग्य तपासणी झाली तर जन्माला येणारी अनेक मुले दुर्धर आजारांतून वाचू शकतात. ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला दवाखान्यात असा अर्थ आहे. पोलीस ठाण्यात किंवा मतदारयादीपाशी तो विचारला गेला, तर जनुकांपाशी त्याचे उत्तर नाही. ते उत्तर राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने वंश, जात आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई करून आधीच दिले आहे.